घराच्या जोत्याचा गिलावा आणि जोत्याची निगा

घर बांधावयास काढले म्हणजे पाया किती खोल घ्यावा, दगड कोठून आणावा, गवंडी कोण बोलवावा, याची चर्चा घरात महिनोन् महिने चालते. परंतु एकदा वास्तुशांत झाली की जमिनीलगतच्या त्या दोन फूट भिंतीकडे, म्हणजे जोत्याकडे, फारसे कोणी पाहत नाही. छप्पर गळू लागले तर त्याच रात्री खाली भांडे ठेवावे लागते, म्हणून त्याची दुरुस्ती होते. जोते मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने ओल पीत राहते. भिंतीचा खालचा भाग भुसभुशीत होतो, दरजांतील माती गळून पडते, घुशी बिळे करतात, आणि सर्व घराचा भार ज्यावर तोलला आहे तोच भाग पोकळ होत जातो.

यात केवळ घराचेच नुकसान होते असे नाही. शेतकऱ्याच्या घरात बी-बियाणे असते, वर्षाचे धान्य असते, खताची पोती असतात. ओल्या भिंतीस टेकलेल्या पोत्यातील ज्वारी-गव्हास बुरशी लागते व बियाण्याची उगवण मारली जाते. म्हणजे जोत्याची ओल अखेर शेतापर्यंत जाऊन पोहोचते.

जोते खराब दिसू लागले म्हणजे पुष्कळ जण एकच उपाय करतात. गवंड्यास बोलावून बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा करून घेतात. काम झाल्यावर घर नवे दिसते. परंतु दोन-तीन पावसाळे गेले की गिलाव्यास तडे पडतात, तो ठिकठिकाणी फुगतो आणि पोपडे धरून सुटतो. तो काढून पाहावा तर आतील भिंत पूर्वीपेक्षाही ओली आढळते. येथे दोष केवळ सिमेंटचा नसतो. कामाचा क्रम चुकलेला असतो. या पाठात सांगावयाची मुख्य गोष्ट हीच आहे: आधी पाणी दूर करावे, मग भिंत दुरुस्त करावी, आणि सर्वांत शेवटी गिलावा करावा, तो गिलावाही भिंतीहून अधिक कठीण असू नये.

१. जोत्यास ओल कोठून येते?

जोत्यास ओल येण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. उपाय करण्यापूर्वी आपल्या घरास यांपैकी कोणता मार्ग लागू पडतो हे पाहिले पाहिजे.

पहिला मार्ग पागोळ्यांचा. छपरावरील पाणी वळचणीस जमिनीवर पडते आणि तेथील चिखल उडून जोत्यावर बसतो. ज्या बाजूने पावसाची झड येते त्या बाजूस ही ओल अधिक असते. तिचे डाग वेडेवाकडे असतात आणि पावसाने उघडीप दिली की भिंत काही दिवसांत वाळू लागते.

दुसरा मार्ग जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीचा. दिव्याची वात जशी तेल वर ओढते तशी दगडांमधील माती, वीट व चुना जमिनीतील पाणी वर ओढतात. ही ओल साधारणतः दोन ते तीन फुटांपर्यंत चढते. भिंतीच्या सर्व लांबीवर जवळपास एकाच उंचीवर तिची रेघ दिसते, आणि त्या रेघेजवळ पांढरी फुले किंवा मिठासारखी भुकटी आढळते. ही ओल उन्हाळ्यातही पूर्णपणे जात नाही.

तिसरा मार्ग एखाद्या ठिकाणच्या गळतीचा. न्हाणीची मोरी, पाण्याचा रांजण, नळाची तोटी, जनावरांचा गोठा किंवा तुंबलेले गटार जोत्यास लागून असेल तर तेवढ्याच जागी भिंत बारमाही ओली राहते. इतर सर्व भिंत कोरडी आणि एकच कोपरा ओला असेल तर कारण त्या कोपऱ्यातच शोधावे.

पुष्कळ घरांत हे तिन्ही मार्ग एकत्र आढळतात. तरीही त्यांची वेगवेगळी नोंद घ्यावी, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

२. लोणा म्हणजे काय?

भिंतीवर येणाऱ्या पांढऱ्या क्षारास आपण लोणा म्हणतो. जमिनीत व बांधकामाच्या मालात विरघळणारे क्षार असतात. ओलीबरोबर ते भिंतीत चढतात. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जाते, परंतु क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. स्फटिक वाढताना दगडाच्या, विटेच्या व गिलाव्याच्या बारीक छिद्रांवर आतून दाब पडतो आणि कण सुटू लागतात. हिमालयातील थंड प्रदेशात भिंतीत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि गिलाव्याचे पोपडे काढते. आपल्याकडे पाणी गोठत नाही, परंतु तेच काम आपल्या भिंतींत लोणा करतो.

गोठ्याच्या भिंतीस लोणा लवकर लागतो, यास कारण आहे. जनावरांच्या मूत्रातील नत्रावर जमिनीतील सूक्ष्म जंतूंची क्रिया होऊन सोऱ्यासारखे क्षार तयार होतात. पूर्वी जुन्या वस्तीच्या मातीतून सोरा काढीत असत तो याच कारणाने. जे मूत्र शेतास उत्तम खत झाले असते ते भिंतीत मुरून घराचा नाश करते. म्हणून गोठ्यात फरसबंदी करून, उतार देऊन, मूत्र पन्हळीवाटे भिंतीपासून दूर असलेल्या खड्ड्यात किंवा टाक्यात घ्यावे. यात घर व शेत या दोहोंचे हित आहे.

लोणा आलेली भिंत पाण्याने धुऊ नये. धुतल्याने क्षार पुन्हा विरघळून आत जातात. कोरड्या दिवसांत ताठ कुंच्याने लोणा झाडावा, खाली पडलेली भुकटी गोळा करून भिंतीपासून दूर टाकावी, आणि ती माती गिलाव्यात किंवा सारवणात कदापि मिसळू नये. भिंतींसाठी पांढरी माती वापरण्याची रूढी चांगली आहे, कारण ती काळ्या मातीप्रमाणे फुगत नाही. परंतु उकिरड्याजवळची किंवा जुन्या गोठ्याच्या जागेची माती क्षारयुक्त असण्याचा संभव असतो. अशा मातीचा लाडू वळून सावलीत वाळवावा. वाळल्यावर त्यावर पांढरी फुले दिसली तर ती माती भिंतीस घेऊ नये.

३. काळ्या जमिनीवरील घरे

विदर्भ, मराठवाडा व पठारी भागातील काळी जमीन पाणी प्याल्यावर फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला रुंद भेगा पडतात. शेतात हा गुण आपल्या परिचयाचा आहे. घराखालीही तीच जमीन तसेच वागते. घराच्या मध्यभागाखालील माती वर्षभर जवळपास सारखीच ओली राहते, कारण तेथे ऊन व पाऊस पोहोचत नाही. कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगते व वैशाखात आकसते. त्यामुळे जोत्याच्या कडा वर-खाली होतात आणि कोपऱ्यांपासून व दारे-खिडक्यांच्या कोनांपासून तिरप्या भेगा पडतात.

अशा भेगा नुसत्या गिलाव्याने बुजत नाहीत. भेगेच्या दोन्ही टोकांस पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि मध्यभागी चुन्याची एक पातळ पट्टी आडवी बसवावी. उन्हाळ्यात भेग रुंदावत असेल व पावसाळ्यात मिटत असेल तर दोष जमिनीच्या हालचालीचा आहे असे समजावे. येथे खरा उपाय म्हणजे घराच्या कडेची माती वर्षभर शक्य तितकी एकाच स्थितीत ठेवणे. त्यासाठी पुढे सांगितलेला मुरमाचा उतरता पट्टा सर्वांत उपयोगी आहे. मोठी झाडे जोत्याजवळ लावू नयेत, कारण त्यांची मुळे उन्हाळ्यात मातीतील उरलीसुरली ओल शोषून घेतात. झाड वाढून जितके उंच होईल निदान तितके अंतर घरापासून असावे.

नवे घर बांधावयाचे असल्यास पाया भेगांच्या खोलीखाली, शक्य तर पक्क्या मुरमापर्यंत न्यावा. जोत्याच्या आतील भराव काळ्या मातीचा करू नये. तो मुरमाचा, थराथराने पाणी मारून व धुमसून करावा.

४. गिलाव्यापूर्वी भिंतीची तपासणी

गिलावा भिंतीचे दोष झाकतो. तो दोष दूर करीत नाही. म्हणून कोणतेही सामान आणण्यापूर्वी घराभोवती एक फेरी मारून पुढील गोष्टी तपासाव्यात.

(अ) लहान हातोडीने जोते ठोकून पाहावे. पोकळ आवाज येईल त्या जागेवर खडूने खूण करावी.

(आ) वरून ओळंबा सोडून भिंत सरळ आहे किंवा तिला पोट आले आहे हे पाहावे.

(इ) दरजांत काडी खुपसून पाहावी. ती बोटभराहून अधिक सहज आत गेली तर दरज रिकामी झाली आहे असे समजावे.

(ई) घुशींची बिळे व वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधाव्यात. जोत्यास टेकवून रचलेले सरपण, कडबा व गोवऱ्या यांच्या मागे त्या हमखास सापडतात.

यांपैकी भिंतीस पोट येणे हे लक्षण सर्वांत गंभीर आहे. आपल्याकडील जुन्या दगडी भिंती पुष्कळदा दोन स्वतंत्र पडद्यांच्या असतात. बाहेर एक दगडी पडदा, आत दुसरा, आणि मध्ये मातीत घातलेले बारीक दगड. दोन्ही पडद्यांस सांधणारे आरपार दगड नसतील आणि मधली माती ओलीने सैल झाली असेल, तर बाहेरचा पडदा सुटून पुढे येऊ लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात जो भूकंप झाला त्यात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य लोक मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती व माळवदाची जड माती यांखाली गाडले गेले. त्या भिंती जाड होत्या, परंतु एकसंध नव्हत्या. भिंतीची जाडी म्हणजे बळकटी नव्हे, हा त्या आपत्तीचा धडा आहे.

म्हणून पोट आलेल्या भिंतीवर गिलावा करून ती झाकू नये. आधी तिला टेकू द्यावा, त्या बाजूस झोपणे-बसणे बंद करावे आणि जाणकार गवंड्याकडून किंवा बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडून पाहणी करवून घ्यावी. भारतीय मानक १३८२८ मध्ये अशा दगडी भिंतींत उंचीच्या दर ६० सेंटिमीटरांस आणि लांबीच्या दर १.२ मीटरांच्या आत आरपार दगड घालण्यास सांगितले आहे. उभ्या भिंतीतही काळजीपूर्वक आरपार भोक पाडून, त्यात दोन्ही टोकांस वाकविलेली लोखंडी सळई बसवून व काँक्रीट भरून असा सांधा करता येतो. मात्र हे काम पहार घेऊन स्वतः करावयाचे नव्हे. एका वेळी एकच भोक अशा रीतीने ते अनुभवी माणसानेच केले पाहिजे.

५. प्रथम पाण्यास वाट द्या

तपासणी झाली की पाणी जोत्यापासून दूर नेण्याचे काम हाती घ्यावे. यात पैसा थोडा व श्रम अधिक लागतात. घरच्या माणसांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून हे काम सहज होते.

घराभोवती जमीन अशी करावी की पाणी भिंतीकडे न येता बाहेर जाईल. वर्षानुवर्षे अंगणात माती पडून आणि रस्त्यावर खडी-मुरूम चढून पुष्कळ जुन्या घरांचे जोते अर्धेअधिक जमिनीत गेलेले असते. ती चढलेली माती काढून जोते पुन्हा मोकळे करावे. जमिनीपासून जोत्याचा माथा निदान दीड फूट वर असावा. दोन फूट असल्यास अधिक चांगले.

त्यानंतर भिंतीलगत अडीच ते तीन फूट रुंदीचा पट्टा तयार करावा. तो पागोळ्यांच्या रेषेच्या बाहेरपर्यंत गेला पाहिजे. काळी जमीन असेल तेथे या पट्ट्यातील सुमारे एक फूट माती काढून त्या जागी चांगला मुरूम थराथराने धुमसावा. वाळू भरू नये, कारण वाळूत पाणी साठून राहते. पट्ट्यास दर फुटास अर्धा इंच बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि वर फरशी किंवा सपाट दगड बसवावेत. पट्ट्याच्या बाहेरील कडेस उथळ चर काढून तो परसातील झाडांकडे किंवा शोषखड्ड्याकडे न्यावा. शोषखड्डा घरापासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस असावा.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जोत्यालगत खोदताना पायाच्या तळाच्या खाली कधीही जाऊ नये, आणि सर्व भिंतीची लांबी एकदम उघडी करू नये. चार-पाच फुटांचा तुकडा खोदावा, भरावा, धुमसावा, आणि मगच पुढील तुकड्यास हात लावावा. पावसाळ्याच्या तोंडाशी हे काम सुरू करू नये.

न्हाणीचे पाणी उघडे न सोडता पक्क्या मोरीने दूर न्यावे. वळचण अपुरी असेल तर पत्रा किंवा कौलांची एक ओळ वाढवून ती जोत्याच्या पुढे निदान दीड-दोन फूट येईल असे करावे. कोकणात जोते जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे असते व पाऊस वर्षास अडीच हजार मिलीमीटरांहूनही अधिक पडतो. तेथे पावसाळ्यापूर्वी झडीच्या बाजूस माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधण्याची जुनी पद्धत आहे. ती अल्पखर्ची व अत्यंत शहाणपणाची असून सोडू नये.

६. कोणत्या भिंतीस कोणता गिलावा?

गिलावा हा भिंतीचा अंगरखा आहे. अंगरखा अंगास बेताचा असावा लागतो. तो फाटला तर बदलता येतो. गिलावाही असाच असावा की झिजायचे ते त्याने झिजावे आणि भिंत सुरक्षित राहावी. भिंत मातीची व मऊ, आणि वर सिमेंटचे कठीण कवच, असे झाले तर दोहोंची हालचाल सारखी होत नाही. कवचास बारीक तडे पडतात, त्यांतून पाणी आत शिरते, आणि कवचामुळे ते बाहेर पडू शकत नाही. आतील माती अखेर चिखल होते. यासाठी भिंतीच्या जातीप्रमाणे मिश्रण निवडावे.

मातीत बांधलेले दगडी जोते: सर्व जोत्यावर गिलावा करण्याची आवश्यकता नाही. दगड उघडे ठेवून केवळ दरजा चुन्याने भराव्यात. मिश्रण एक माप चुना, एक माप सुरखी व एक माप वाळू असे घ्यावे. सुरखी म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटांची बारीक भुकटी. तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो.

जांभ्याचे जोते: येथेही वरीलप्रमाणे चुन्याने दरजा भरणे पुरेसे आहे. शेवाळ कोरड्या दिवसांत घासून काढावे.

चुन्यात बांधलेले दगड किंवा विटा, अथवा अशक्त सिमेंटातील जुने वीटकाम: एक माप सिमेंट, एक माप चुना व सहा मापे वाळू. चुन्यामुळे गिलावा थोडा लवचिक राहतो आणि तडे कमी पडतात.

सिमेंटात पक्के बांधलेले दगड, विटा किंवा काँक्रीटचे ठोकळे: एक माप सिमेंट व पाच मापे वाळू. याहून अधिक सिमेंट घातल्याने गिलावा अधिक टिकतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. सिमेंट जास्त झाले की आकसण्याचे तडेही जास्त पडतात.

मातीच्या भिंती: जोते दगडी असले तरी वरील भिंत मातीची असेल तर तिला भुसा मिसळलेल्या मातीचाच गिलावा द्यावा. माती, वाळू व भुसा पाण्यात कालवून आठवडाभर कुजत ठेवावे, रोज तुडवावे आणि मग लावावे. आपल्या घरातील स्त्रिया भिंतींना पोतेरे फिरवतात व जमीन सारवतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. थोडथोडा झिजणारा पातळ थर वारंवार नवा करीत राहिल्याने मूळ भिंत झिजत नाही. या कामास क्षुल्लक समजू नये.

वाळू स्वच्छ व मातीरहित असावी. मूठभर वाळू काचेच्या पेल्यात पाण्यासह ढवळून ठेवावी. पाणी फार गढूळ झाले व वर मातीचा जाड थर बसला तर ती वाळू धुऊन घ्यावी. खाडीची वाळू खारी असते. ती घेतल्यास लोणा आपण होऊनच घरात आणल्यासारखे होते.

कळीचा चुना वापरावयाचा असेल तर तो आधी पाण्यात पूर्णपणे विझवून, चाळून, निदान आठवडाभर पाण्याखाली ठेवावा. अर्धवट विझलेले खडे भिंतीत मागाहून फुगून गिलावा फोडतात. चुना विझताना पाणी उकळते व उडते. डोळे सांभाळावेत, मुलांस जवळ येऊ देऊ नये, आणि डोळ्यांत चुना गेल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन दवाखाना गाठावा.

७. काम करण्याची रीत

१) सुटलेला व पोकळ वाजणारा जुना गिलावा काढून टाकावा. घट्ट बसलेला भाग उगाच फोडू नये.

२) दरजा अर्धा ते पाऊण इंच खोल उकराव्यात. सैल माती व धूळ कुंच्याने झाडावी.

३) बिळे व मोठी भोके दगडाच्या चिपा व चुना घालून ठासून भरावीत. नुसत्या मातीने बुजवलेले बीळ घूस पुन्हा उकरते.

४) भिंतीवर पाणी शिंपडावे. भिंत दमट असावी, परंतु पाणी ओघळत असू नये. मातीत बांधलेल्या जोत्यावर पाणी बेताने घ्यावे.

५) पहिला थर दाबून लावावा व तो ओला असतानाच त्यावर आडव्या-तिरप्या रेघा ओढाव्यात. तो घट्ट झाल्यावर दुसरा थर द्यावा. दोन्ही थर मिळून जाडी पाऊण इंचाच्या आसपास असावी. खड्डे भरण्यासाठी एकाच ठिकाणी जाड लपका मारू नये. तेथे आधी चिपा बसवाव्यात.

६) शेवटची सफाई लाकडी रंध्याने करावी. लोखंडी थापीने घोटून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग सुंदर दिसतो, परंतु त्यास केसासारखे तडे लवकर पडतात.

७) जोत्याच्या वरच्या कडेस बाहेर उतार द्यावा, म्हणजे तेथे पाणी ठरणार नाही. जोत्याच्या माथ्यावर ओलरोधक थर असेल तर गिलावा त्यावरून सलग वर नेऊ नये. तेथे एक आडवी खाच ठेवावी. नाही तर ओल गिलाव्यातूनच थर ओलांडून वर चढते.

८) सिमेंट मिसळलेला माल कालवल्यावर अर्ध्या तासात संपवावा. घट्ट झालेला माल पुन्हा पाणी घालून वापरू नये.

९) गिलाव्यावर निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे व उन्हाच्या बाजूस ओली पोती टांगावीत. चुना सावकाश धरतो. त्यास अधिक दिवस दमट ठेवावे.

मालाचा अंदाज करण्याची रीत एका उदाहरणाने ध्यानात येईल. घर २४ फूट लांब व १६ फूट रुंद असेल तर त्याचा घेर ८० फूट भरतो. जोते दोन फूट उंच धरल्यास क्षेत्र १६० चौरस फूट होते. पाऊण इंच जाडीच्या गिलाव्यास सुमारे १० घनफूट माल लागेल, आणि दरजा व खड्डे धरून तो १३ ते १४ घनफूट होईल. सिमेंट, चुना व वाळू यांचे १, १ व ६ हे प्रमाण धरल्यास दोन पोती सिमेंट, तितक्याच मापाचा म्हणजे अडीच घनफूट चुना आणि १५ घनफूट वाळू पुरेशी होते. गवंड्याशी बोलताना हा हिशेब हाती असावा.

८. वर्षाचे वेळापत्रक

जोत्याची निगा ही एकदा करून विसरण्याची गोष्ट नव्हे. पिकाप्रमाणे तिचेही हंगाम आहेत.

वैशाख-ज्येष्ठ: चर साफ करावेत, मुरमाच्या पट्ट्यातील खड्डे भरून उतार ठीक करावा, कौले-पत्रे पाहावेत. जोत्यास टेकलेले सरपण व कडबा हलवावा.

आषाढ-श्रावण: जोराचा पाऊस चालू असताना एकदा घराभोवती हिंडून पाणी कोठे साचते, कोठे उडते, कोठे भिंतीस भिडते हे डोळ्यांनी पाहावे. याहून उत्तम तपासणी दुसरी नाही.

आश्विन-कार्तिक: भिंती वाळू द्याव्यात. ओलीच्या रेघेची उंची मोजून लिहून ठेवावी.

मार्गशीर्ष ते माघ: दुरुस्ती व गिलावा करावा. या दिवसांत भिंत कोरडी असते व ऊन बेताचे असल्याने गिलावा घाईने वाळत नाही. खरिपाची मळणी आटोपून हातही थोडे मोकळे झालेले असतात.

फाल्गुन-चैत्र: लोणा झाडावा, भेगांच्या खुणा पुन्हा मोजाव्यात.

९. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय सभेत सांगून पटत नाही. तो दाखवावा लागतो. गावातील एखादे सामान्य घर निवडावे. घरमालकाच्या संमतीने प्रथम केवळ एका बाजूस चर व मुरमाचा पट्टा करावा आणि गिलाव्यास हात लावू नये. पावसाळा गेल्यावर त्या बाजूच्या ओलीची रेघ दुसऱ्या बाजूच्या रेघेशी ताडून दाखवावी. जमिनीतून चढणारी ओल एका वर्षात नाहीशी होईल असे आश्वासन मात्र देऊ नये, कारण जाड भिंत वाळण्यास अवधी लागतो. नंतर त्याच घराच्या दुरुस्तीस गावातील गवंड्यास बोलवावे व चुना-सुरखीचे काम सर्वांसमोर करवावे. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता थोडे उरले आहेत. एखाद्या गावी असा म्हातारा कारागीर असेल तर तरुण गवंड्यांनी त्याच्या हाताखाली चार दिवस काम करावे, अशी व्यवस्था करणे हेही विस्ताराचेच काम आहे.

घरात धान्य साठवणाऱ्यांस आणखी एक गोष्ट सांगावी. भिंत पूर्ण वाळेपर्यंत पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून निदान एक फूट अंतरावर ठेवावीत.

१०. ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

ओल कोठून येते हे ठरविल्यावाचून गिलावा करू नये.

पाणी दूर करणे हा पहिला उपाय आहे. गिलावा हा शेवटचा.

गिलावा भिंतीहून कठीण असू नये.

पोट आलेली भिंत झाकू नये. तिची पाहणी करवून घ्यावी.

लोणा झाडावा, धुऊ नये.

प्रत्येक पावसाळ्यात एकदा भिजत का होईना घराभोवती फेरी मारावी.

शेतकरी बंधूंनो, बांध फुटला तर आपण भर पावसात कुदळ घेऊन धावतो, कारण माती वाहून गेली तर शेत जाईल हे आपण जाणतो. घराच्या जोत्यातूनही दरवर्षी थोडीथोडी माती वाहून जात असते. तिकडे वर्षातून एकदा लक्ष दिले तर जे काम कुदळ, मुरूम व चार पोती चुन्यात होते, ते पुढे सर्व भिंत उतरवून करावे लागणार नाही.